जुन्या बंदुकीची पारख

श्रोतेहो, बाजारात बैल घ्यायला गेलेला माणूस आधी काय करतो? बैलाचे तोंड उघडून दात पाहतो. मग पाठीवरून हात फिरवतो, चार पावले चालवून बघतो आणि शेवटी विचारतो, "दाखला हाय ना जी?" दात, चाल आणि दाखला पटला, की मगच रुमालाखाली बोटे धरून भाव ठरतो. मडके घेणारी बाई त्याला टिचकी मारून नाद ऐकते. जुनी किंवा अनोळखी वस्तू पारखून घेण्याची ही विद्या आपल्या लोकांना कोणी शाळेत शिकवली नाही. आज याच विद्येचा एक विसरत चाललेला धडा पाहायचा आहे. आपल्याकडे जुनी बंदूक कशी पारखत असत, आणि त्या पारखीमागे कोणता इतिहास उभा आहे, हा आजच्या भाषणाचा विषय.

आता कोणी म्हणेल, शेतकऱ्याला आणि शाळामास्तरांना बंदुकीचे काय? पण नागपूरहून काटोलच्या दिशेने निघालेल्या माणसाला कळमेश्वरच्या आसपास दोन्ही बाजूंना काय दिसते ते आठवा. संत्र्याच्या बागा, कापूस, तूर, गहू, हरभरा आणि मधूनच रानाचा एखादा पट्टा. दिवसा हे चित्र मोठे शांत वाटते. रात्री मात्र रोह्यांचा कळप हरभऱ्यात उतरतो, रानडुकरे भुईमूग उकरून टाकतात आणि सहा महिन्यांची मेहनत एका रात्रीत पायदळी जाते. म्हणून जागल आली. जागलीला गोफण आली, डबा बडवणे आले, शेकोटी आली. आणि ज्याला परवडली व ज्याला सरकारने परवानगी दिली त्याच्या हाती बंदूक आली. ही बंदूक नवी कोरी क्वचितच असे. ती कोणाची तरी जुनी, दोन-तीन हात फिरून आलेली असे. अशा बंदुकीवर विश्वास ठेवायचा तर तीन गोष्टी पाहाव्या लागत: लोखंड, काडतूस आणि कागद. यातली एक जरी खोटी निघाली, तरी बंदूक शत्रूपेक्षा धन्यालाच अधिक धोक्याची.

प्रथम लोखंडाची गोष्ट. भोसल्यांच्या काळात आपल्या भागात चालत होती ती तोड्याची बंदूक. लांब नळी, तोंडातून बारूद आणि गोळी ठासायची, आणि जळता तोडा बारुदीला लावून बार काढायचा. पावसाळ्यात तोडा विझला की बंदुकीची काठी झाली. पुढे १९व्या शतकात टोपी आली. तांब्याच्या लहानशा टोपीत स्फोटक मसाला, त्यावर घोडा आपटला की ठिणगी नळीत जाते. तोड्याची कटकट मिटली, पण बारूद ठासणे तसेच राहिले. हीच आपली ठासणीची बंदूक. पूर्व विदर्भात तिला भरमार म्हणतात. गावच्या लोहारालाही तिची रचना समजत असे. तिचा गुण साधेपणात होता. दोषही त्यातच होता, कारण नळीचे लोखंड कसे आहे आणि ते किती दाब सोसेल, हे पाहायचे साधन गावात कोणाकडेच नव्हते.

इंग्लंडात यासाठी फार पूर्वीच एक व्यवस्था उभी राहिली होती. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ साली सनद मिळाली, आणि बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३च्या कायद्याने स्थापन झाले. तिथे प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा जास्त बारूद भरून बार काढीत. नळी फुटली नाही, की तिच्यावर ठसा उमटवीत. हा ठसा म्हणजे बंदुकीचा दात. जुनी विलायती बंदूक घेणारा जाणकार आधी नळी दस्त्यापासून सोडवी, उलटी करी आणि हा ठसा शोधी. ठसा काळ्या बारुदीपुरता आहे की पुढच्या धूररहित बारुदीसाठी आहे, हे पाहणे तर जिवावरचे काम होते. का, ते पुढे सांगतो.

१८५४ साली नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. तीन वर्षांनी १८५७चा उठाव झाला आणि त्या धसक्याने सरकारने देश निःशस्त्र करण्याचे कायदे एकामागून एक केले. त्यांतला सर्वांत टिकलेला कायदा लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतला, १८७८चा शस्त्रकायदा. परवान्याशिवाय हत्यार बाळगायचे नाही, असा त्याचा दंडक. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. त्यामुळे एकाच रानात दोन प्रकारचे शिकारी झाले: एकाला कागद नको, दुसऱ्याला कागदावाचून घरची बंदूकही गुन्हा. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध ठराव होत राहिले, ते या अपमानासाठी.

त्याच काळात नागपूर ही मध्यप्रांताची राजधानी होती. हा प्रांत १८६१ साली तयार झाला. सातपुड्याच्या रानांत मोजणीला, बंदोबस्ताला आणि जंगलखात्याच्या कामाला हिंडणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांत कॅप्टन जेम्स फोर्सिथ हा एक. मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचे त्याचे पुस्तक १८७१ साली निघाले आणि त्याच वर्षी तो वारला. पण त्याच्या आधीच, १८६३ साली, त्याने शिकारी रायफल आणि तिची गोळी यांवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. म्हणजे बंदुकीची पारख हा त्या लोकांना पुस्तक लिहिण्याजोगा विषय वाटत होता. वाघ जखमी होऊन झाडीत शिरला तर त्याच्या मागे जावे लागते. त्या वेळी दुसरा बार निघाला नाही तर काय होते, हे त्यांना ठाऊक होते.

याच सुमारास मागून भरायची बंदूक आली. नळी मोडून, म्हणजे बिजागरीवर खाली झुकवून, त्यात तयार काडतूस घालायचे. मग एकनळी आणि दुनळी बारा बोअर बंदुका सर्वत्र पसरल्या. साहेब बदली होऊन किंवा निवृत्त होऊन विलायतेला निघाला, की बंदूक इथेच विकली जाई. ती कोणी मालगुजार घेई, कोणी वकील, कोणी जमीनदार. ३१ मार्च १९५१ला मालगुजारी संपली. पण वाड्याच्या दिवाणखान्यात टांगलेली दुनळी हे त्या काळच्या प्रतिष्ठेचे चिन्ह होते, आणि चिन्ह म्हणून टांगलेल्या वस्तूकडे हत्यार म्हणून कोणी लक्ष देत नाही. दहा पावसाळे तेलाविना गेलेली नळी बाहेरून झळकते आणि आतून देवीच्या व्रणांसारखी खड्ड्यांनी भरलेली असते.

म्हणून नळी आतून पाहायची. पद्धत साधी आहे. बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करायची, नळी सोडवायची आणि उजेडाकडे धरून एका टोकातून बघायचे. आत गोल, स्वच्छ, आरशासारखे कडे दिसले पाहिजे. मध्येच काळसर वर्तुळ दिसले तर नळी तिथे फुगली आहे असे समजावे. चिखल किंवा चिंधी अडकलेली असताना कोणी बार काढला असला पाहिजे. दुनळीच्या दोन नळ्या मधल्या पट्टीने एकमेकींना जोडलेल्या असतात. त्या बोटावर टांगून नखाने टिचकी मारली, तर घंटेसारखा लांब नाद निघतो. बद्द असा आवाज आला तर पट्टीचा डाग सुटला आहे. श्रोतेहो, मडक्याची विद्या आणि इंग्रज कारागिराची विद्या इथे एकच होते!

मग सांधा पाहायचा. नळी जोडून, बंद करून कानाजवळ हलवायची. खडखड वाजली तर बिजागरी झिजली आहे. शेवटी स्क्रूची डोकी पाहायची. खाचा शाबूत असतील तर बंदूक शहाण्या हाताखाली राहिली. खाचा चेंदलेल्या असतील तर कोणीतरी नको त्या हत्याराने आत हात घातला आहे. विकणारा कितीही गोड बोलो, स्क्रू खोटे बोलत नाही.

आता दुसरी गोष्ट, काडतुसाची. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने धूररहित बारूद तयार केली आणि पाच वर्षांत इंग्रजांनी कॉर्डाइट आणली. काळ्या बारुदीपेक्षा हिचा दाब पुष्कळ अधिक. जुन्या नळ्यांपैकी कित्येक लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, एकत्र ठोकून केलेल्या असत. त्यांवर पाण्याच्या लाटांसारखी सुंदर नक्षी दिसे. लोक त्यावर भुलत. पण त्या नळ्या काळ्या बारुदीसाठी केलेल्या. अशा नळीत नव्या जोरकस काडतुसाचा बार काढणे म्हणजे जुन्या मोटेच्या दोराला मोटार बांधणे. नळी फुटली तर ती डाव्या हाताजवळच फुटते. शिवाय जुन्या विलायती बारा बोअरची कोठी अडीच इंची आणि नवे काडतूस पावणेतीन इंची, हा फरकही असतो. काडतूस आत बसते, म्हणून ते चालते असे नाही. उडाल्यावर त्याचे तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब चढतो. परीक्षागृहाचा ठसा काळजीपूर्वक वाचायचा तो यासाठी.

काडतुसाचा सरकारशीही संबंध आला. १९०७च्या सुमारास इंग्रज सरकारने हिंदुस्थानात आणि सुदानात .४५० मापाच्या रायफली व काडतुसे यांवर बंदी घातली. कारण असे, की लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली त्याच मापाच्या होत्या आणि त्यांची काडतुसे बंडखोरांच्या हाती पडतील ही भीती. झाले काय, की लंडन-बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी .४६५, .४७०, .४७५ अशी नवीच मापे काढली. सरकारने एक दार लावले, व्यापाऱ्यांनी शेजारी खिडकी पाडली! लष्कराचे .३०३ माप तर सामान्य माणसाला वर्ज्यच होते. म्हणून बंगालातल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात नागरिकांसाठी .३१५ मापाची रायफल तयार होऊ लागली आणि पुढे तीच आपल्याकडची ओळखीची रायफल झाली. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा. नागरिकांच्या बंदुकांची काडतुसेही तिथे बनली. याचा धडा हा, की ज्या मापाचे काडतूस मिळत नाही ती रायफल कितीही उंची असो, खुंटीवरची शोभा आहे. जुनी रायफल घेताना शहाणा माणूस आधी काडतुसाची पेटी पाही, मग रायफल.

आपल्या हवेचाही विचार करावा लागे. कॉर्डाइट उन्हात अधिक जोर धरते. वैशाखातल्या नागपूरच्या उन्हात तापलेले काडतूस थंड देशातल्यापेक्षा जास्त दाब देते. म्हणून विलायती कारखाने उष्ण देशांसाठी थोडी कमी बारूद भरून वेगळी काडतुसे पाठवीत. पावसाळ्याची कथा उलटी. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्याने नळीत मिठासारखा क्षार उरतो. हा क्षार हवेतली ओल ओढतो आणि गंज धरतो. तेलाने तो जात नाही, उकळत्या पाण्याने धुतल्यावर जातो. नळीत गरम पाणी ओतायचे, कोरडी करायची, मग तेलाचा हात द्यायचा. ज्याला हे माहीत होते त्याची बंदूक नातवापर्यंत टिकली.

इतके सारे ज्या बंदुकीला हवे, ती निदान साधी तरी होती. १९०० नंतर मात्र एक नवी जात आली: बार काढल्यावर आपल्या आपण रिकामे काडतूस फेकून दुसरे भरणारी रायफल. तिला अर्धस्वयंचलित म्हणतात; अर्ध अशासाठी, की प्रत्येक बाराला चाप नव्याने ओढावाच लागतो. अमेरिकन संशोधक जॉन ब्राउनिंग याने अशा शिकारी रायफलीचे पेटंट १९०० साली घेतले आणि १९०६ साली रेमिंग्टन कंपनीने ती बाजारात आणली. विंचेस्टर कंपनीच्या १९०५ आणि १९०७च्या रायफली याच पंथाच्या. ब्राउनिंगच्या रायफलीत बाराच्या धक्क्याने नळीच मागे सरते आणि स्प्रिंग तिला परत जागेवर आणते. विंचेस्टरमध्ये जड बोल्ट आपल्या वजनाने धक्का पेलतो. पुढे तिसरी युक्ती आली: नळीला बारीक छिद्र ठेवून बारुदीचा वायू थोडा बाजूला घ्यायचा आणि त्याने दट्ट्या ढकलायचा. अमेरिकेच्या सैन्याची १९३६ची गॅरंड रायफल अशी, आणि १९६२च्या चीनयुद्धानंतर आपल्या जवानांच्या हाती आलेली इशापूरची एस. एल. आर. हीही अशीच.

वाटेल, की हीच उत्तम! दुसऱ्या बारासाठी हात हलवायला नको. पण जुन्या शिकाऱ्यांनी तिच्याकडे संशयाने पाहिले आणि त्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. हाताने बोल्ट ओढायच्या रायफलीत काडतूस कमी जोराचे निघाले तरी हात आपले काम करतो. आपोआप भरणाऱ्या रायफलीत पुढचे काडतूस भरण्याची शक्ती आधीच्या काडतुसातूनच येते. ते मऊ निघाले, ओलावले, की साखळी तुटते. छिद्रात काजळी बसली, स्प्रिंग थकली, मॅगझिनचे ओठ वाकले, रिकामे काडतूस ओढणारा आकडा झिजला, तरीही साखळी तुटते. आणि ती तुटते केव्हा? दुसऱ्या बाराच्या वेळी, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी.

म्हणून जुनी अर्धस्वयंचलित रायफल पारखताना नुसती नळी पाहून भागत नाही. बोल्ट हाताने पूर्ण मागे ओढून सावकाश सोडायचा. मध्ये कुठे अडखळतो का ते बोटांना कळते. बोल्ट ज्या पोलादी पेटीत मागेपुढे धावतो, त्या पेटीच्या आतल्या कडा बॅटरीच्या उजेडात पाहायच्या. तिथे ओरखडे, चेंदलेल्या खाचा दिसल्या तर रायफल पुष्कळ बार खाऊन बसली आहे. १९६० नंतर अमेरिकेत फार खपलेल्या रेमिंग्टन ७४२ या रायफलीचा जुना नग घेताना तिथले जाणकार आजही आधी याच कडा पाहतात, कारण त्या झिजल्या की दुरुस्ती जवळजवळ नसतेच. मॅगझिन मूळचे आहे की दुसऱ्याचे बसवले आहे, हे विचारायचे. स्प्रिंग बदलून मिळते का, हे आधी पाहायचे. आणि शेवटची परीक्षा कागदावरची: परवानाधारक विक्रेत्यामार्फत, अधिकृत चांदमारीच्या जागी, ज्या काडतुसावर पुढे भिस्त ठेवायची त्याच काडतुसाचे पुरेसे बार काढून पाहायचे. पाच गोळ्या एका ठिकाणी जवळजवळ पडतात का, हे नळी सांगते. चाळीस बारांत एकदाही अडत नाही ना, हे यंत्र सांगते. दोन्ही उत्तरे वेगळी आहेत. नेमकी असूनही अडणारी रायफल असते, आणि कधी न अडणारी पण वाटेल तिथे मारणारीही असते.

पण या देशात अशी रायफल सामान्य शिकाऱ्याच्या हाती फारशी आलीच नाही. तिथे आपण तिसऱ्या गोष्टीकडे वळतो: कागद.

गुरुजनांनी मुलांना सांगावा असा एक प्रसंग आपल्या नागपुरात घडला आहे. १९२३चा झेंडा सत्याग्रह सर्वांना ठाऊक असतो. त्यानंतर चार वर्षांनी, १९२७ साली, इथेच शस्त्रकायद्याविरुद्ध सत्याग्रह झाला. त्याचे पुढारी मंचरशा आवारी, ज्यांना लोक जनरल आवारी म्हणत. बंगालमधल्या स्थानबद्धांची सुटका ही त्यांची मागणी. आणि मार्ग असा, की परवाना नसताना तलवारी घेऊन उघड्या रस्त्याने मिरवणूक काढायची व अटक करून घ्यायची. आवारींना कैद झाली. गांधीजींनी या चळवळीची जबाबदारी घेतली नाही, कारण तलवार आणि सत्याग्रह यांचा मेळ त्यांना पटेना. तरी शस्त्रकायदा हा लोकांच्या मानाचा प्रश्न आहे, ही गोष्ट नागपूरने रस्त्यावर येऊन सांगितली. १९३१ साली कराचीच्या काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता.

स्वातंत्र्यानंतर १९५९ साली नवा शस्त्रकायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९६२पासून तो अमलात आला. परक्या सरकारचा अविश्वास गेला, पण परवाना राहिला. आणि तो राहणे योग्यही होते. या कायद्यात शेतकऱ्याची आठवण ठेवलेली आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना, असा स्पष्ट उल्लेख त्यात आहे. आपली आजोबांच्या काळची भरमार कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसली ती अशी! अर्धस्वयंचलित हत्यारांना मात्र १९६२च्या नियमांनी साध्या बंदुकांपासून वेगळे काढून पहिल्या वर्गात ठेवले, म्हणजे सर्वांत कडक पहाऱ्याखाली. कारण उघड आहे. जी रायफल क्षणात पाच बार काढते, ती रानात जितकी उपयोगाची, त्याहून गावात अधिक भयाची.

जुन्या हत्याराच्या बाबतीत हा कायदा काय सांगतो, हे प्रत्येक खरेदीदाराला ठाऊक हवे. बंदुकीवरचा क्रमांक, नाव किंवा खूण खोडणे, बदलणे हा गुन्हा. नळी कापून आखूड करणे हा गुन्हा. एका परवानाधारकाने दुसऱ्याला हत्यार विकायचे तर आधी जिल्हादंडाधिकारी किंवा जवळचे पोलीस ठाणे यांना लेखी कळवायचे आणि किमान ४५ दिवस थांबायचे. वडील वारले आणि त्यांची बंदूक घरात राहिली, तर ती विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. 'बाबांची आठवण' म्हणून खुंटीवर ठेवता येत नाही. पूर्वी एका माणसाला तीन हत्यारे ठेवता येत. २०१९च्या दुरुस्तीने ती मर्यादा दोनवर आली. १९६२च्या नियमांची जागाही आता २०१६च्या नियमांनी घेतली आहे. म्हणून नळी पाहण्याआधी परवान्यावरचा क्रमांक आणि लोखंडावरचा क्रमांक जुळतो का, ते पाहावे. जुळत नसेल तर नळी आरशासारखी असली तरी हात जोडून परत फिरावे. इथे संकोच नको. "काऊन जी, नंबर पाहू द्या ना जरा," असे म्हटल्याने कोणाचा अपमान होत नाही.

या सगळ्या पारखीचा मोठा बाजार होता तो शिकारीमुळे. १९५०नंतरच्या वर्षांत नागपुरात ऑल्विन कूपरसारखी शिकार कंपनी परदेशी पाहुण्यांना मध्य भारताच्या रानात वाघाच्या शिकारीला नेत होती. मग चित्र पालटले. १९७० साली वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, आणि १९९१च्या दुरुस्तीने हौसेखातर शिकारीचे परवाने पूर्णच संपले. १९८०नंतरच्या दशकात खासगी हत्यारांची आयातही आटली. त्यामुळे जुनी विलायती बंदूक दुर्मीळ झाली आणि तिची किंमत गुणापेक्षा नावावर चढू लागली. अशा वेळी पारख अधिकच लागते, कारण दुर्मीळ वस्तूच्या मोहात माणूस नळीत डोकावायला विसरतो.

शिकार संपली, जागल संपली नाही. रोही आणि रानडुकरे आजही पिकात येतात. कायद्याने वाट पूर्ण बंद केलेली नाही. पिकाचा नाश करणाऱ्या प्राण्याबाबत वनखात्याची परवानगी मिळू शकते, आणि २०१५ साली महाराष्ट्र शासनाने रोही व रानडुक्कर यांच्यापुरती ती पद्धत ठरवून दिली. पण अर्ज, पंचनामा, परवानगी ही वाट लांबची वाटते, आणि कोणी कोणी कुंपणात विजेची जिवंत तार सोडतो. श्रोतेहो, इथे या सगळ्या इतिहासाचा खरा उपयोग आहे. बंदुकीच्या मागे एक डोळा असतो. समोर डुक्कर आहे की शेजाऱ्याची गाय, की अंधारातून घरी येणारा माणूस, हे पाहून चाप ओढायचा की नाही ते ठरते. बंदुकीवर क्रमांक असतो, क्रमांकामागे नाव असते, नावामागे जबाबदारी असते. तारेला डोळा नाही आणि नावही नाही. विदर्भात अशा तारांनी वाघ मेले, गुरे मेली आणि शेतकरीही मेले.

दीडशे वर्षे आपल्या लोकांना बंदुकीसाठी कागद मागावा लागला. परक्यांच्या राज्यात तो कागद अपमान होता, म्हणून नागपूरकर त्याच्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. आपल्या राज्यात तोच कागद शेजाऱ्याला दिलेला शब्द आहे: माझ्या घरी हत्यार आहे, ते चांगल्या स्थितीत आहे, त्याचा क्रमांक अमुक आहे आणि त्यातून निघणाऱ्या प्रत्येक गोळीचा जाब मी देईन. ज्याला हा शब्द देता येत नाही त्याने जुनी बंदूक घेऊ नये, कितीही स्वस्त मिळो. ज्याला देता येतो, त्याने आधी क्रमांक वाचावा, मग नळी उजेडाकडे धरावी, आणि काडतुसाची पेटी पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.